पोटात कुठे?

मंगळवार, ता. १२

प्रिय मामा,

साष्टांग नमस्कार लिहायला घेतलं होतं, पण पालथं पडलं की माझं पोट दुखतं हे तुला माहीत आहे. तेव्हा हा उभ्याउभ्याच नमस्कार गोड मानून घे. मामीलाही सांग. तिला वेगळं पत्र लिहीत नाही, कारण तुझं वाचून झालं की हे तिच्याच हातात जाणार, आणि वाचताना तू कुठे कुठे अडखळलास ते ती तुझ्या तोंडाकडे बघूनच ओळखणार.

पत्र कशाला, फोन बिघडलाय का, असं म्हणशील. फोन ठणठणीत आहे. पण फोनवर तू 'हां, बोल' म्हणतोस आणि मग तूच बोलत सुटतोस. पत्राला तुला मध्येच तोडता येणार नाही. फार तर फाडता येईल, पण जन्मभर फोटोग्राफी केलेला माणूस कागदाला साधी घडी पडू देत नाही, फाडतोय कुठला!

इकडची खबरबात ठीक. खोलीची खिडकी मालकीणबाईंनी अखेर दुरुस्त करून दिली. म्हणजे आधी ती बंद व्हायची नाही, आता उघडत नाही. चष्म्याच्या दुकानात गर्दी आहे. परवा एक आजोबा डोळे तपासायला आले. मी काचा बदलत विचारतेय, 'यातून बरं दिसतं, की यातून?' आजोबा म्हणतात, 'दोन्हींतून बरं दिसतंय, पण अजून एक घालून बघा ना, शंका नको.' असं करता करता आजोबांना वरचं सगळ्यात मोठं अक्षरसुद्धा दिसेना. शेवटी आमचे मालक आतून ओरडले, 'अगं, डोळा दमला त्यांचा! आता तो काहीही सांगेल. उद्या बोलाव.' आजोबा फणकाऱ्याने निघून गेले. टोपी विसरले, ती अजून काउंटरवर आहे.

मी वेळ काढतेय हे एव्हाना तुझ्या लक्षात आलं असेल. तर सांगते.

शनिवारी तू फोन करून विचारलंस, 'झालं का?' आणि मी म्हणाले, 'झालं.'

झालं नाही, मामा. मी पोटाचा स्कॅन काढलाच नाही. एका शब्दात तुला मामा बनवलं. जो आधीच मामा आहे त्याला पुन्हा बनवायची काय गरज होती, पण बनवलं खरं. येत्या रविवारी तू रिपोर्ट न्यायला येणार आहेस. इतक्या लांब आलेल्या तुला तोंडावर हे सांगायची माझी छाती नाही, म्हणून तू निघायच्या आत हा कागद तुझ्यापर्यंत पोचायला हवा.

काय झालं ते ऐक. तुझे ते आल्बमवाले मित्र, ज्यांच्या लग्नाचा आल्बम तू केलास आणि ज्यांनी तेव्हापासून त्यांच्या स्कॅन सेंटरचं दार आपल्यासाठी सताड उघडं ठेवलंय, ते लेकीकडे गेले होते. नाहीतर 'या या, करून टाकू' म्हणत त्यांनी स्वतःच मला आत नेलं असतं. मी कानातलं काढलं, मागे नाड्या असलेला तो झगा घातला आणि टेबलावर आडवी झाले. मशीनवरची बाई नवीन होती. तिने विचारलं, 'याआधी कधी काढलाय?'

'गेल्या वर्षी.'

'त्याच्याआधी?'

'त्याच्या आदल्या वर्षी.'

'वाढदिवसाला काढता की काय?' ती हसून म्हणाली. मला हसू आलं नाही. खरंच की, मामा, आपण तो वाढदिवसाच्या सुमारासच काढतो. इतकी वर्षं हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

'आत्ता काय दुखतंय?'

'आत्ता काही नाही.'

'मग सांगितलं कुणी?'

'मामांनी.'

'मामा डॉक्टर आहेत?'

'फोटोग्राफर.'

हसावं की काय करावं, असं त्या बाईला झालं. म्हणाली, 'डॉक्टरांची चिठ्ठी नसेल तर मला करता येणार नाही. साहेब आले की या.' आणि मला काय सुटल्यासारखं वाटलं म्हणून सांगू! शाळेला अचानक सुट्टी मिळावी तसं. मी कपडे बदलून बाहेर येते न येते तोच तुझा फोन. हातात कानातलं, पायात एकच चप्पल, अशी मी उभी आणि तू विचारतोयस, 'झालं का?' मी 'झालं' म्हणाले. तू इतका मोठा श्वास सोडलास की तो मला इकडे ऐकू आला. त्यानंतर 'नाही रे, झालं नाही' म्हणायला माझी जीभ रेटली नाही.

'फोटो काढून घेऊ' असं तू म्हणतोस. एक्स-रे असो नाहीतर सीटी स्कॅन, तुझ्या तोंडी सगळे फोटोच. आणि फोटोच्या बाबतीतला तुझा नियम मला लहानपणापासून पाठ आहे, एक जास्तीचा काढून ठेवायचा. कुणाचे डोळे मिटले असतील, कुणी हललं असेल. मामीचे तर हटकून मिटतात. आई गेली, बाबांनी दुसरा संसार थाटला आणि तू मला उचलून थेट स्टुडिओत आणलंस. तिथल्या उंच स्टुलावर बसून मी गिऱ्हाइकांना दटावायचे, 'हलू नका, अजून एक!' फोटोने कुणाचं काय बिघडतं? सोळाव्या वर्षी माझं पोट पहिल्यांदा दुखलं, तेव्हापासून माझाही एक जास्तीचा निघत आला. त्यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नाही. उलट मैत्रिणींना घरी इतकं कुणी जपत नाही, याची मला मिजासच होती.

तर काल, सोमवारी, मी डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांचा चष्मा आमच्याकडचा, त्यामुळे ओळख आहे. तू बांधून दिलेलं सगळ्या फिल्म्सचं बाड बरोबर नेलं. प्रत्येक फिल्म वेगळ्या खाकी पाकिटात, वर तुझ्या अक्षरात तारीख. 'इतक्या नीट ठेवलेल्या फिल्म्स मी उभ्या जन्मात बघितल्या नाहीत,' असं त्या म्हणाल्या. हे मुद्दाम कळवतेय, कारण यापुढचं तुला आवडणार नाही.

एकेक फिल्म खिडकीच्या उजेडात धरून त्या विचारायच्या, 'ही कशासाठी?' पहिली अपेंडिक्सची. त्या म्हणाल्या, 'ही मीही काढली असती.' दुसरी मूतखड्याच्या वेळची, तेव्हा मी गडाबडा लोळत होते. 'हीसुद्धा.' तिसरी त्याच आठवड्यातली, कारण दुसऱ्या दवाखान्याला पहिल्या दवाखान्याची फिल्म चालेना. त्यावर त्यांनी नुसती मान हलवली. उरल्या सहा.

'या कशासाठी?'

'शंका नको म्हणून.'

मग त्यांनी जे सांगितलं ते मला समजलं तसं लिहिते. तुझा कॅमेरा आपल्या अंगावर पडलेला उजेड तेवढा टिपतो. या मशीनचे किरण मात्र आपल्यातून आरपार जातात, आणि जाताना आतल्या पेशींना थोडंफार खरचटतं. शरीर ते बहुतेक वेळा दुरुस्त करतं. क्वचित एखादी दुरुस्ती चुकते, आणि चुकलेल्या दुरुस्तीतून पुढे कधीतरी, बऱ्याच वर्षांनी, कॅन्सर होऊ शकतो. एका स्कॅनचा धोका अगदी थोडा. पण एकावर एक काढत गेलं की तो साठत जातो, आणि तरुण माणसात तो जास्त, कारण चुकलेली दुरुस्ती वर यायला पुढे भरपूर आयुष्य पडलेलं असतं. 'सत्तरीच्या माणसाला मी बेधडक सांगते, काढा,' त्या म्हणाल्या. 'सव्वीस वर्षांच्या मुलीला सांगताना दोनदा विचार करते.'

मी विचारलं, 'म्हणजे मला आता होणार का?'

'बहुतेक नाही. झाले ते नऊ झाले, त्यांची धास्ती घेऊन बसू नका. आणि उद्या खरंच गरज पडली तर मीच तुम्हाला त्या टेबलावर झोपवीन. तेव्हा माझंच बोलणं मला ऐकवू नका. फक्त दहावा कशासाठी, एवढं विचारायचं.'

हे वाचून तुझा हात कपाळावर गेला असेल. काढ तो. तू मला काही विष पाजलं नाहीस. तुझ्या मायेत खोट नव्हती, आणि हे सगळं मी तुला बोल लावायला लिहीत नाही. बोल लावायचा असता तर फोन केला असता.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. त्यांनी विचारलं, 'मामांना इतकी कसली काळजी?' मी म्हटलं, 'माझी आई सत्तावीस वर्षांची असताना गेली. पोटात गाठ होती.'

'पोटात कुठे?'

मामा, मला उत्तरच येत नव्हतं! आपल्या घरात आईचं दुखणं म्हणजे नुसतं 'पोट'. तिचं पोटाचं झालं, पोटानेच घात केला. पाच वर्षांची होते तेव्हापासून हेच ऐकत आले. कुठल्याही डॉक्टरांनी मला विचारलं की माझ्याआधी तू सांगायचास, 'हिच्या आईला पोटाचा त्रास होता,' आणि ते लिहून घ्यायचे. पोट ही काय एक वस्तू आहे? जठर आहे, यकृत आहे, आतडी आहेत, आणखी काय काय आहे. मी एवढी घोडी झाले, दुसऱ्यांना चष्मे लावते, आणि आपली आई कशाने गेली ते मला ठाऊक नाही. मला त्यांच्यासमोर फार लाज वाटली.

बाहेर व्हरांड्यात जाऊन मी मामीला फोन लावला. तू जवळपास असणार, कारण आधी ती 'थांब, दूध बघते' म्हणून स्वयंपाकघरात गेली. मग तिने नळ सोडला आणि त्या आवाजात हळूच म्हणाली, 'मोठं आतडं.' मग म्हणाली, 'मी सांगितलं असं त्याला बोलू नकोस. हॉस्पिटलात तेव्हा त्याला कुणीतरी म्हणालं होतं, आधी बघायला हवं होतं. तेव्हापासून तो बघतोच आहे.' मामी, वाचते आहेस ना? शब्द मोडला, पोटात घाल.

डॉक्टरीणबाईंनी 'मोठं आतडं' ऐकलं आणि हातातली फिल्म खाली ठेवली. म्हणाल्या, तिथली गाठ सुरुवातीला इतकी बारीक असते की या असल्या फोटोंत ती बहुधा दिसतच नाही. त्यासाठी दुर्बीण घालून आतून बघावं लागतं. आई इतक्या लहान वयात गेली म्हटल्यावर ही तपासणी माझी केव्हाच व्हायला हवी होती. दुर्बिणीत किरणबिरण काही नाही, एक छोटा कॅमेरा आणि दिवा. म्हणजे तुझाच धंदा. फक्त तो कॅमेरा कुठल्या वाटेने आत जातो ते मी इथे लिहिणार नाही. मामीला विचार.

पुढच्या गुरुवारी ती तपासणी ठरली आहे.

इथवर हसत खिदळत लिहिलं. आता जमत नाही. मामा, नऊ वेळा तू माझ्या पोटात बघितलंस, आणि मला वाटतं, दर वेळी तू तिथे आईलाच शोधत होतास. माझं वय तिच्या वयाच्या जवळ सरकत गेलं तसा तू जास्त जास्त घाबरत गेलास. येत्या महिन्यात मला सत्तावीस पूर्ण होतील. हे तुलाही माहीत आहे आणि मलाही, पण आपण दोघांनी कधी तोंडातून काढलं नाही. खरं सांगू? मलाही ते फोटो हवेच असायचे. त्यांत काही निघत नाही, हे आपल्या अंगवळणी पडलं होतं. सगळं ठीक असल्याचा कागद यायचा, तू आइस्क्रीम आणायचास, आणि आपण दोघं वर्षभरासाठी सुटायचो. या दुर्बिणीत मात्र निघू शकतं. जिथे आईचं होतं, तिथेच बघणार आहेत. मला त्या मशीनची कधी भीती वाटली नाही, याची वाटतेय. दुकानात एक काच पुसून झाली की मी तीच काच पुन्हा पुसत बसते.

गुंगीचं औषध देतात, म्हणून बरोबर घरचं माणूस लागतं. 'कोण येईल?' असं त्यांनी विचारलं. मी तुला न विचारता तुझं नाव सांगून मोकळी झाले.

तेव्हा रविवारी येऊ नकोस, गुरुवारी ये. रिपोर्ट न्यायला नको, मला न्यायला ये. थापेबद्दल जे काय बोलायचं असेल ते बोल, मी मान खाली घालून ऐकेन. आणि काही निघालंच तर काय, हा विचार करायचा असेल तर माझ्यासमोर कर, मोठ्याने कर. एकेकट्याने पोटात ठेवायची आपल्या घराची रीत मला आता झेपत नाही.

थाप मारली तरी तुझीच,
ठकी


गुरुवार, ता. २१, दुपार

चि. ठकी,

अनेक आशीर्वाद. हे नाव मी तुला बाहुलीवरून ठेवलं होतं, तू ठकवून दाखवावंस म्हणून नव्हे. तरी आशीर्वादात काटछाट केलेली नाही.

तू पलंगावर झोपली आहेस आणि मी बाजूच्या स्टुलावर बसून लिहितोय. कागद नर्सबाईंकडून मागून घेतला. तुला तोंडी उत्तर द्यायला गेलो तर मी परत बोलत सुटणार, आणि मुद्द्याचं सोडून जगातलं सगळं बोलणार. तेव्हा लेखीला लेखी.

थापेबद्दल मी एक अक्षर बोललो नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. बोलणार होतो. बसमध्ये पाठ करत आलो होतो. पण काल, गुरुवारची वाट न बघता मी आलो तेव्हा, तू दार उघडलंस ते हातात त्या पोट साफ करायच्या पाण्याचा जग घेऊन, आणि चेहरा असा की सगळं पाठांतर विसरलो. त्या पाण्याला तू इतकी नावं ठेवत होतीस की तू आत गेल्यावर मी अर्धा ग्लास पिऊन बघितला. मामीला सांगू नकोस. तुझ्या मालकीणबाईंच्या बाथरूमचं दार मी का ठोठावत होतो, ते तुला आता कळलं असेल.

तुझं पत्र आलं त्या दिवशी एक गिऱ्हाईक पासपोर्टच्या फोटोला बसलं होतं. पत्र खिशात, लक्ष पत्रात. एकच काढला आणि माणसाला वाटेला लावलं. बघतो तर डोळे मिटलेले. परत बोलवावं लागलं. तेव्हा माझा नियम स्टुडिओत बरोबरच आहे, एवढं नोंदवून ठेवतो. तो तुझ्या पोटाला लावायचा नव्हता, हे मात्र मान्य.

मोठं आतडं. हे बघ, लिहिलं. मामी नळ सोडून बोलली, मी तर तेवढंही केलं नाही. मला वाटायचं, नाव घेतलं की ते दुखणं तुझा पत्ता हुडकत येईल. वेडगळपणा आहे, मला कळतं. पण 'पोट' म्हटलं की त्यात सगळं मावतं आणि काहीच सांगावं लागत नाही. तुझी आई माझ्याहून सहा वर्षांनी धाकटी. तिची खाट ढकलत नेणारा माणूस ते वाक्य म्हणाला होता, आधी बघायला हवं होतं. त्याने सहज म्हटलं असेल. मी ते गाठीला बांधून बसलो, आणि कॅमेरा भलतीकडे लावून इतकी वर्षं बघत राहिलो.

आता मघाची बातमी. डॉक्टरीणबाई येऊन सांगून गेल्या. तू गुंगीत 'हो, हो' करत होतीस, पण तुला काही आठवणार नाही असं त्याच म्हणाल्या, म्हणून लिहून ठेवतो. दोन बारीक गाठी निघाल्या. एक मसुराएवढी, दुसरी वाटाण्याहून थोडी मोठी. दोन्ही तिथल्या तिथे काढून तपासायला पाठवल्या. त्यांच्या नजरेला त्या वाईट वाटल्या नाहीत, पण पक्कं आठवड्याभराने कळेल. तशाच राहिल्या असत्या तर पुढे कधीतरी त्या वाईट होऊ शकल्या असत्या. यापुढे ही तपासणी ठरावीक काळाने करत राहायची, शिवाय रक्ताचीही एक करायची, म्हणजे हे आईकडून आलंय का ते समजेल. तुझं नेहमीचं दुखणं या गाठींचं नव्हे. ते आतड्याचा तापट स्वभाव, आणि तू दुपारी जेवत नाहीस त्याचं. जेवत का नाहीस, हे आपण वेगळं बोलू.

शेवटी त्या म्हणाल्या, 'वेळेवर आलात.' मी उठून खिडकीपाशी गेलो आणि बराच वेळ चष्मा पुसला. रडलो म्हण हवं तर.

मग त्यांनी मला हाक मारली. 'तुम्ही हिच्या आईचे सख्खे भाऊ ना? मग तुमचीही व्हायला हवी.' माझी! मी म्हटलं, 'बाई, मला काडीचा त्रास नाही.' त्या म्हणाल्या, 'या गाठींचा त्रास हिलाही होत नव्हता.' मी इकडेतिकडे बघितलं, पण माझ्या बाजूने बोलायला तू जागी नव्हतीस. पुढच्या महिन्यात या म्हणाल्यात. तेव्हा स्टुलावर तू आणि पलंगावर मी. मामी हसून हसून आडवी होणार आहे.

त्या दोन गाठींचं कळेपर्यंत शंका उराशी घेऊन बसायचंय. मला ते येत नाही, शिकतो. रोज फोन करणार नाही. एक दिवसाआड करीन, आणि करीन तेव्हा तुला आधी बोलू देईन.

एक राहिलं. तू लिहिलंस की मी तुझ्यात तिलाच शोधत होतो. वाचून तुझा भयंकर राग आला, आणि मग राग धरायला काही सापडेना. सगळे म्हणतात, पोर अगदी आईवर गेलीय, आणि सगळ्यांत मोठ्याने मीच म्हणत आलो. आज मला दुसरं काही काम नव्हतं, म्हणून तुझ्याकडे बघत बसलो. मी आयुष्यभर लोकांचे चेहरे बघून पोट भरलंय, आणि तुम्हा दोघींचे फोटो मीच काढलेत. ठकी, तू तिच्यासारखी दिसत नाहीस. तिची जिवणी रुंद होती, भुवया जवळजवळ होत्या, आणि झोपेतसुद्धा ती कुठेतरी निघाल्यासारखी दिसायची. तू तोंड उघडं टाकून, एक हात उशीखाली खुपसून, निवांत घोरते आहेस. हनुवटी कुणाची घेतलीस कळत नाही. तिची नाही, तुझ्या बाबांचीही नाही. बहुतेक तुझीच असावी. माझ्या घरात तू इतकी वर्षं वाढलीस, आणि ती मी आज बघितली. छान आहे.

तुझ्या पापण्या हलायला लागल्यात. नर्सबाई म्हणतात, गुंगीतून बाहेर येताना समोर ओळखीचं कुणी दिसलं की माणूस घाबरत नाही. तेव्हा आता इथेच थांबतो.

तुझा
मामा